छप्पर पावसाआधी, भिंत पावसानंतर
नाशिक महानगरपालिकेच्या आयुक्तांना खुले पत्र

माननीय आयुक्त,
नाशिक महानगरपालिका, नाशिक



मे महिना सरत आला की जुन्या नाशकातल्या वाड्यांना महापालिकेच्या नोटिसा येऊ लागतात. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ चा आधार, इमारत धोकादायक असल्याची सूचना, धोकादायक भाग उतरवा किंवा दुरुस्त करा हा आदेश, आणि तसे न केल्यास होणाऱ्या हानीची जबाबदारी मालकावर व राहणाऱ्यांवर. दोन-तीन आठवड्यांत पाऊस सुरू होतो. जुलै-ऑगस्टमध्ये तिवंधा, तांबट आळी, दहीपूल, भद्रकाली या भागांत कुठे ना कुठे भिंत ढासळते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो येतो आणि बातमीत एक वाक्य हमखास असते, की या वाड्याला आधीच नोटीस बजावलेली होती.

नोटीस दिलीच पाहिजे, त्याबद्दल माझा वाद नाही. माझे म्हणणे तिच्या तारखेबद्दल आहे. ही नोटीस मे महिन्यात देऊ नका, दसरा-दिवाळीच्या दरम्यान द्या. एवढ्या एका बदलाने जुन्या नाशकातल्या कितीतरी भिंती वाचतील, आणि ज्या वाचण्यासारख्या नसतील त्या माणसे सुखरूप बाहेर काढून वेळेत उतरवता येतील.

मी स्थापत्य अभियंता आहे. नाशकातल्याच एका वाड्यात लहानाची मोठी झाले आणि जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामे करते. महाविद्यालयात आम्हाला काँक्रीट शिकवले गेले. चुना आणि पांढरी माती मी गवंड्यांच्या हाताखाली शिकले. त्यामुळे या पत्रातले बरेचसे ज्ञान त्यांचे आहे.

आपल्या गावठाणातला वाडा कशाचा असतो? खाली काळ्या दगडाचे जोते. त्यावर सागवानी खांब, तुळया आणि कडीपाट यांचा सांगाडा. खांबांच्या मधले खण आणि बाहेरच्या जाड भिंती भाजक्या विटांच्या, काही ठिकाणी कच्च्या भेंड्यांच्या. विटा हाताने पाडलेल्या, आजच्या विटेपेक्षा पातळ आणि मऊ. आणि या सगळ्याला धरून ठेवणारा माल म्हणजे चुना, किंवा आत पांढरी माती आणि बाहेरच्या दरजांना व गिलाव्याला चुना. सिमेंटचा यात कणही नाही, असणे शक्यही नव्हते. काळाराम मंदिराचे काम अठराव्या शतकाच्या अखेरीस झाले. लीड्सच्या जोसेफ अ‍ॅस्पडिनने पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले १८२४ साली, आणि आपल्या देशात सिमेंटचा कारखाना नीट चालू झाला तो १९१४ च्या सुमारास, पोरबंदरला. त्याआधीचे नाशिक सगळे चुन्यात आणि मातीत उभे राहिले आहे.

चुन्याला वेळ लागतो, सगळा मुद्दा इथेच आहे. चुनखडी भट्टीत सुमारे ९०० अंशांवर भाजली की कळीचा चुना होतो. तो पाण्यात विरवला, मुरवला, वाळू आणि सुरखीत, म्हणजे विटेच्या भुकटीत, मळून भिंतीत भरला, की हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू शोषून तो पुन्हा दगड होऊ लागतो. हे काम बाहेरून आत सरकत जाते आणि त्याला महिने लागतात. या काळात त्याला ओलसरपणा हवा असतो, पण धो धो पाणी चालत नाही. मृगाच्या तोंडावर भरलेला चुना पहिल्या जोरदार सरीत धुपून जातो. म्हणजे मे अखेरीस नोटीस मिळालेल्या माणसाला योग्य दुरुस्ती करायची इच्छा असली तरी निसर्ग त्याला ती करू देत नाही. त्याच्या हातात दोनच गोष्टी उरतात: निळी ताडपत्री आणि सिमेंट. तहान लागल्यावर विहीर खोदायला सांगण्यासारखे हे आहे, आणि सांगणारी महापालिका आहे.

सिमेंटने नेमके काय होते ते एका भिंतीवरून सांगते. वाडा कुणाचा ते महत्त्वाचे नाही, अशा भिंती गावठाणात गल्लोगल्ली आहेत. रस्त्याकडेची बाहेरची भिंत, दीड हात जाड. खालच्या भागात ओल येत होती, चुन्याचे पोपडे सुटत होते. नोटीस आल्यावर घरच्यांनी कर्ज काढून कमरेच्या वरपर्यंत सिमेंटचा जाड गिलावा केला आणि त्यावर प्लॅस्टिक रंग दिला. एक वर्ष भिंत नव्यासारखी दिसली. दुसऱ्या पावसाळ्यानंतर ओलीचा पट्टा गिलाव्याच्या वरच्या काठाच्याही वर, छातीच्या उंचीवर उमटला. तिसऱ्या वर्षी मी ती पाहायला गेले तेव्हा गवंड्याने थापीच्या मुठीने गिलाव्यावर ठोकत ठोकत आवाज ऐकला. बहुतेक ठिकाणी तो पोकळ होता. एक तुकडा काढला तर सिमेंटचा पापुद्रा अखंड हातात आला आणि त्याच्या पाठीला विटेचा दर्शनी थर चिकटून आला. मागे उरली होती ती वीट बोटाने खरवडली तरी लाल भुगा होऊन पडत होती. वर पांढरे मिठासारखे केस उगवलेले. जुन्या बायका याला म्हणतात भिंतीला लोणा लागला.

कारण सरळ आहे. जमिनीतले पाणी विटांमधून वर चढते. पूर्वी ते चुन्याच्या दरजांतून आणि गिलाव्यातून उन्हाळ्यात उडून जायचे. जाताना बरोबरचे क्षार चुन्यात सोडायचे, मग काही वर्षांनी गिलावा खराब व्हायचा आणि तो खरवडून नवा करायचा. चुना झिजायचा आणि वीट टिकायची, घर बांधणाऱ्यांनी ठरवूनच ही व्यवस्था केली होती. सिमेंटने ती उलटी केली. ते विटेपेक्षा कठीण आणि जवळजवळ बंद. पाणी त्यातून बाहेर पडू शकत नाही, म्हणून ते वर चढते आणि विटेतच कोंडते. क्षारांचे स्फटिक विटेच्या आत, दर्शनी थराच्या मागे तयार होतात आणि तो थर आतून फोडून काढतात. शिवाय उन्हाने, ओलीने भिंत थोडी हलते, सांधा मऊ असेल तर तो ते सोसतो. सांधा कठीण असेल तर वीट तडकते. म्हणून जुन्या बांधकामाचा नियम असा, की माल नेहमी विटेपेक्षा दुबळा हवा. आपल्याकडे मजबुती म्हणजे जास्त सिमेंट, अशी समजूत इतकी मुरली आहे की हा नियम सांगितला तर लोकांना तो उलटा वाटतो.

काळ्या दगडाच्या जोत्याचे दुखणे थोडे निराळे आहे. आपला बेसॉल्ट स्वतः फारसे पाणी पीत नाही. त्यामुळे जोत्यातली सगळी ओल ये-जा करते ती दरजांतूनच. त्या दरजा सिमेंटने भरून वर जाड, फुगीर रेघा ओढल्या की जोत्याची सगळी दारे बंद होतात. आतला भराव, म्हणजे माती, चिपा, गोटे, ओला राहतो, बारीक माती पाण्याबरोबर वाहून जाते, पोकळी होते आणि एक दिवस बाहेरचे दगड पोट काढू लागतात. बाहेरून पाहणाऱ्याला रेघा शाबूत दिसतात.

आता आपल्याशी थेट संबंध असलेली गोष्ट. गावठाणातले रस्ते दर काही वर्षांनी नव्याने होतात आणि जुना थर न खरवडता त्यावर नवा चढतो. कित्येक वाड्यांच्या जोत्याच्या खालच्या पायऱ्या रस्त्याखाली गेल्या आहेत. पूर्वी दोन पायऱ्या चढून आत जावे लागे, आता काही ठिकाणी एक पायरी उतरून जावे लागते. म्हणजे रस्त्याचे पाणी दगडाच्या जोत्याला लागण्याऐवजी थेट विटेला लागते. त्यात काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक अगदी भिंतीला टेकवून बसवले जातात. भिंतीलगतची जमीन जी थोडीफार सुकायची तीही झाकली जाते, आणि तिच्याखालची ओल सुकायला एकच मार्ग शोधते, तो म्हणजे भिंत. पुढे त्याच भिंतीसाठी घरमालकाला नोटीस मिळते. मला कुणावर ठपका ठेवायचा नाही. पण ओल कुठून येते हे विचारल्याशिवाय भिंतीला हात लावू नये, हा दुरुस्तीचा पहिला धडा आहे आणि गावठाणात त्या ओलीचा मोठा वाटा भिंतीबाहेरून, सार्वजनिक जागेतून येतो. उरलेला येतो फुटक्या पन्हळीतून, माडीवर नंतर काढलेल्या मोऱ्या-संडासांतून आणि भिंतीत रुजलेल्या पिंपळातून.

गोदावरीचा पूर हा आणखी वेगळा विषय. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागले की सराफ बाजारापर्यंतचे लोक सामान वर चढवतात, हे आपण एव्हाना अनुभवले असेल. पुराचे पाणी ओसरले तरी भिंतीच्या आतले पाणी पुढचे कित्येक महिने ओसरत नाही. पूर गेल्यावर गणपतीच्या आत घर नीट दिसावे म्हणून लोक भिंती लिंपून रंगवतात. त्या भिंतींना आधी एक अख्खा उन्हाळा उघडे राहायला हवे असते.

आमच्या आज्या-पणज्यांना यातले रसायनशास्त्र माहीत नव्हते, पण त्यांचे वेळापत्रक चोख होते. वैशाखात कौले उतरवून, फुटकी बदलून पुन्हा शाकारायची, पन्हळी साफ करायच्या, वळचणीखालची चर मोकळी करायची. भिंतीला त्या वेळी कुणी हात लावत नसे. पाऊस पडून गेला, नवरात्र उठले की भिंती पाहायच्या, दिवाळीच्या आत डागडुजी सुरू करायची, चुन्याचा हात द्यायचा. छप्पर पावसाआधी, भिंत पावसानंतर. ज्या गावाला पेशवेकालीन रहाडी, म्हणजे रंगाचे हौद, रंगपंचमीला उघडायच्या आणि पुन्हा बुजवायच्या हे पिढ्यान् पिढ्या पाठ आहे, त्या गावाला हे वेळापत्रक नव्याने शिकवावे लागणार नाही. महापालिकेने ते पुन्हा कागदावर आणावे, एवढेच मागणे आहे.

पावसानंतरच्या पाहणीचा फायदा आपल्या अभियंत्यांनाही होईल. मे महिन्यात भिंत कोरडी असते आणि काही सांगत नाही. तडा दिसतो, पण तो का पडला ते दिसत नाही. ऑक्टोबरमध्ये तीच भिंत बोलते. ओलीचा पट्टा जमिनीपासून वर गेला असेल तर पाणी खालून चढते आहे. वरून खाली ओघळ असेल तर पन्हळ किंवा वळचण फुटली आहे. मधेच एखादा गोल डाग असेल तर मागे मोरी आहे किंवा नळ गळतो आहे. तुळईचे टोक जिथे भिंतीत शिरते तिथे ओल असेल तर टोक कुजले असण्याची शक्यता धरूनच चालावे. तिथे टोच्या घालून पाहावा, कारण वाड्यात माणसे दगावतात ती बहुधा तुळई निसटल्यावर. मग ओळंबा सोडून भिंत किती झुकली, कुठे पोट काढले ते मोजावे आणि तड्यावर चुन्याची चकती चिकटवून तारीख लिहावी. चकती फुटली तर तडा वाढतो आहे. अखंड राहिली तर भिंत थांबली आहे.

तीस वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी कायद्याने बंधनकारक आहे आणि ती योग्यच आहे. पण वाड्यांच्या तपासणीत मी रिबाऊंड हॅमरचे आकडे पाहिले आहेत. ते उपकरण काँक्रीटसाठी आहे. मातीत बांधलेल्या मऊ विटेवर ते मारून आलेल्या आकड्याला अर्थ नसतो, आणि त्या आकड्यावरून जो वाडा पाडण्यास पात्र ठरतो त्याच्यावर अन्याय होतो. लाकडी सांगाड्याच्या वाड्यात पुष्कळदा भार खांब-तुळयांवर असतो, मधल्या खणातली वीट नुसते अंग झाकते. असा एखादा खण फुगला, तर तेवढाच उतरवून पुन्हा बांधता येतो. बाकीचा वाडा तसाच उभा राहतो. हे ओळखण्यासाठी लाकूड, वीट आणि चुना जाणणारा माणूस तपासणीला हवा. दुरुस्तीयोग्य की पाडण्यायोग्य हा शेरा त्याच्या सहीशिवाय मारला जाऊ नये.

जुने आहे म्हणून सगळेच वाचवा असे मी म्हणत नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे लिहिते. दगडाच्या जाड भिंती दोन पाखांच्या असतात आणि त्या दोन पाखांना जोडणारे आरपार दगड नसतील, आतला भराव धुपला असेल, तर ती भिंत उभी फाटते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात भूकंपात हजारो माणसे गेली, ती मुख्यतः अशाच दगड-मातीच्या भिंती आणि त्यांच्यावरच्या जड माळवदांखाली. त्यानंतर मराठवाड्यात जी घरे पडण्यापासून वाचली होती त्यांच्या भिंतींत आरपार भोके घेऊन, लोखंडी आकडे घालून, ती काँक्रीटने भरून दोन पाखे बांधण्याचे काम झाले. तेव्हा काँक्रीटला जुन्या घरात जागाच नाही असे नाही. जिथे त्याने बांधायचे आहे तिथे ते घालावे, पण भिंतीचे अंग त्याने लिंपू नये. आणि जिथे तुळयांची टोके कुजली आहेत, भिंत तिच्या जाडीच्या मानाने फार कलली आहे, चकत्या दर महिन्याला फुटत आहेत, तिथे माणसे लगेच हलवावीत. पण ती हलवायलाही पावसाळ्याच्या तोंडावरचे पंधरा दिवस पुरत नाहीत. ऑक्टोबरमध्ये कळले तर सहा-सात महिने मिळतात.

भाडेकरू आणि मालक यांच्यातला तिढा आपल्याला ठाऊकच असेल. जुने भाडे इतके नाममात्र, की त्यातून पन्हळसुद्धा बदलता येत नाही. मालकाला वाटते वाडा पडला तर जागा मोकळी होईल, भाडेकरूला वाटते बाहेर पडलो तर हक्क जाईल. दोघेही भिंतीकडे पाहत बसतात. अशा घरात मे महिन्याची नोटीस म्हणजे दोघांच्या भांडणातला आणखी एक कागद होतो. सवड देऊन दिलेली, नेमके कोणते काम करायचे ते सांगणारी आणि दोघांनाही समोरासमोर बसवणारी नोटीस निदान काम सुरू करू शकते. नोटिशीसोबत एक पान जोडा. या घरात पाणी कुठून येते आहे, कोणता भाग आधी करायचा, कोणता माल वापरायचा आणि कोणता वापरायचा नाही, एवढे त्यावर असू द्या.

खरी दुरुस्ती कशी होते ते थोडक्यात सांगते, म्हणजे निविदेत काय असायला हवे ते लक्षात येईल. आधी पाणी बंद करायचे: पन्हळ, मोरी, रस्त्याकडची चर. मग सिमेंटचा गिलावा छिन्नीने, हलक्या हाताने उतरवायचा. ग्राइंडर लावला की विटांच्या कडा जातात आणि त्या पुन्हा येत नाहीत. भिंत उघडी ठेवून सुकू द्यायची, वर आलेला लोणा कोरड्या कुंच्याने झाडून गोळा करून घराबाहेर टाकायचा. पाण्याने धुतला तर तो पुन्हा आत जातो. भुगा झालेल्या विटा एकेक काढून त्याच मापाच्या जुन्या विटा बसवायच्या, आणि शेजारच्या पडलेल्या वाड्याच्या चांगल्या विटा यासाठी सोन्यासारख्या असतात. दरजा त्यांच्या रुंदीच्या निदान दुप्पट खोल कोरायच्या, भिजवायच्या, मग चुना आत दाबत थराथराने भरायचा, मोठ्या फटीत दगडाच्या चिपा ठोकायच्या. दरज विटेच्या किंचित आत ठेवायची, अंगावर येऊ द्यायची नाही. वरून ओले गोणपाट आणि निदान आठवडा-दोन आठवडे शिंपण. एवढे झाल्यावर चुन्याचाच गिलावा आणि चुन्याचीच सफेदी.

चुन्यात गूळ, मेथी, बेलफळ, हिरडा घालायची पद्धत आपल्याकडे होती आणि त्याचा उपयोगही आहे. पण आजकाल या पाककृतींचेच कौतुक फार होते. माझ्या अनुभवात काम बिघडते ते बेलफळ नसल्यामुळे नव्हे. ते बिघडते न मुरलेल्या चुन्यामुळे, मातकट वाळूमुळे आणि शिंपण चुकवल्यामुळे. चांगली कळी, पाण्याखाली मुरवलेला चुना, धुतलेली वाळू आणि कमी भाजलेल्या विटांची सुरखी या चार गोष्टी मिळाल्या तर निम्मी लढाई जिंकली. सुरखीमुळे चुना ओलीतही धरतो, म्हणून नाशकात ती हवीच. दुकानातली सफेदीची फक्की या कामाला बहुधा कुचकामी ठरते.

आणि इथे महापालिका पुष्कळ काही करू शकते. दुरुस्तीसाठी अर्ज आला की अंदाजपत्रक मागितले जाते, अंदाजपत्रकाला दरसूचीचा आधार लागतो, आणि चुन्याची बाब नसली किंवा कुणाला सापडली नाही तर गवंडी, ठेकेदार, अभियंता सगळे मुकाट्याने सिमेंट लिहितात. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूच्या कामात चुना मागितला जातो, त्याच गल्लीतल्या राहत्या घराला मात्र तो मिळत नाही. गावठाणातल्या दुरुस्तीसाठी चुन्याचे काम ही स्वतंत्र बाब करा, चुन्यासाठी आयएस ७१२ हे भारतीय मानक आहेच, त्याचा उल्लेख करा. महापालिकेच्या एखाद्या मोकळ्या आवारात चुना मुरवायचे हौद बांधा. चार जणांनी मिळून कळीचा ट्रक मागवायचा, हौदात विरवायचा, हे एकट्या घरमालकाला जमत नाही, आणि दाट वस्तीत चुना विरवणे धोक्याचेही असते, कारण तो उकळतो आणि डोळ्यांत उडाला तर दृष्टी जाऊ शकते. त्या हौदांवर तरुण गवंड्यांना हात बसवायला मिळेल. चुन्याचे काम जाणणारे जुने पाथरवट आणि गवंडी अजून आपल्या जिल्ह्यात आहेत, पण थकत चालले आहेत.

हे सगळे आताच का, तर सिंहस्थ कुंभमेळ्यामुळे. ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी आणि नाशिकचे पहिले अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ रोजी जाहीर झाले आहे. म्हणजे ऐन पावसात, भिंती सर्वांत ओल्या आणि जड असताना, लाखो माणसे गोदाघाटाकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यांवर असतील. २७ ऑगस्ट २००३ रोजी याच शहरात सिंहस्थातल्या चेंगराचेंगरीत तीसहून अधिक भाविकांचा जीव गेला, हे कुणी नाशिककर विसरलेला नाही. अशा गर्दीत एखादा सज्जा जरी कोसळला तरी काय होईल, याची कल्पनाही करवत नाही. त्यामुळे मिरवणुकीच्या आणि गर्दीच्या मार्गांवरची जुनी घरे आधी तपासली जावीत.

पण पर्वणी जवळ आली की घाई सुरू होते, आणि घाईत दोन गोष्टी सोप्या वाटतात. एक, धोका म्हणून सरसकट पाडणे. दुसरी, दर्शनी भिंतींना सिमेंटचा हात मारून एकाच रंगात रंगवून घेणे. दुसरी गोष्ट मला जास्त भीतिदायक वाटते, कारण ती सुंदर दिसते. सिमेंट आणि प्लॅस्टिक रंगाने झाकलेली ओली भिंत पर्वणीच्या दिवशी उत्तम दिसेल आणि पुढच्या तीन-चार पावसाळ्यांत आतून भुगा होईल. सिंहस्थाच्या निधीतून हे होऊ देऊ नका. रंगच द्यायचा असेल तर चुन्याची सफेदी द्या. ती स्वस्त आहे, भिंतीला श्वास घेऊ देते आणि गावठाणाला शोभते.

पहिल्या अमृतस्नानाआधी चुन्याला मिळणारा शेवटचा हंगाम आहे तो २०२६ च्या दिवाळीपासून २०२७ च्या होळीपर्यंतचा. त्यासाठी पाहणी दसऱ्याच्या सुमारास पुरी व्हायला हवी, आणि दरसूची, हौद, तपासणीसांची यादी त्याआधी तयार असायला हवी. त्याच हंगामात गर्दीच्या मार्गांवरचे रस्ते होणार असतील तर ठेकेदाराला दोन अटी घाला: जुना थर खरवडूनच नवा थर, आणि भिंतीलगत वीतभर पट्टा खडी टाकून मोकळा. दुरुस्ती करणाऱ्या घराला त्या वर्षापुरती घरपट्टीत सवलत दिलीत तर मालकांनाही बळ येईल.

आपल्या कार्यालयात नोटिशीचा नमुना छापील असेल. त्यावरची तारीख बदलायला नवा कायदा लागत नाही, शासनाची मंजुरी लागत नाही आणि निधीही लागत नाही. आपण आदेश काढलात तर येत्या मे महिन्यात लोकांना फक्त छप्पर आणि पन्हळी नीट करण्याची सूचना जाईल, आणि भिंतींची नोटीस दसऱ्यानंतर जाईल. कृपया तो आदेश काढा. पाहणीला माणसे कमी पडली तर मी आणि माझ्याबरोबर काम करणारे गवंडी विनामोबदला यायला तयार आहोत.

आपली नम्र,
जुन्या घरांची दुरुस्ती करणारी एक नाशिककर